गाडीची दहावी

मुलांनो,

शाळा तपासायला साहेब येणार अशी वर्दी आली की काय धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नकोच. फाटके तक्ते भिंतीवरून उतरतात. कपाटात वर्षभर झोपलेले नवेकोरे नकाशे बाहेर येतात. मैदानातले कागद वेचले जातात, दारात रांगोळी येते आणि ज्याचे पाढे पाठ आहेत त्याला पहिल्या रांगेत बसवलं जातं. (बसवलं जातं म्हणजे काय, मीच बसवतो. उगाच खोटं कशाला बोला?) माझी आजी या साहेबांना ‘दिपोटी’ म्हणायची. तिच्या वेळी दिपोटी यायचे म्हटलं की मास्तर आदल्या दिवशी पोरांना ओढ्यावर नेऊन अंघोळी घालत. दिपोटी निघून गेले की पोरं पुन्हा जशीच्या तशी!

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझी मोटारसायकल. २०२४ साली तिची तपासणी झाली आणि त्या तपासणीत ती चक्क नापास झाली. गाडी नापास म्हणजे खरं तर मीच नापास. मास्तर नापास झाल्याची गोष्ट ऐकायला तुम्हाला भारी आवडेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

२००९ साली मी डी.एड. होऊन शाळेवर रुजू झालो. घर ते शाळा अंतर नऊ किलोमीटर, त्यातले तीन किलोमीटर कच्चा रस्ता. पहिले दोन महिने मी सायकलवर गेलो. मग एके दिवशी वडील म्हणाले, “मास्तर झालास, आता घामाघूम होऊन पोरांपुढं उभा राहू नकोस.” सोयाबीनचे पैसे आले तेव्हा त्यात थोडी उसनवारी घालून त्यांनी मला १०० सीसीची मोटारसायकल घेऊन दिली. सीसी म्हणजे काय, ते माहीत आहे ना? इंजिनाच्या आत दट्ट्या खालीवर होतो. एका फेरीत तो जेवढी जागा मोकळी करतो तिचं माप घनसेंटिमीटरमध्ये देतात, त्यालाच सीसी म्हणतात. १०० सीसी म्हणजे चहाचा एक कप भरेल एवढी जागा. एवढ्याशा जागेत पेट्रोलचे स्फोट होऊन दोन माणसं आणि किराण्याची पिशवी घाट चढतात, ही मोठी गंमतच आहे.

तर अशी ही गाडी. पावसात, चिखलात, उन्हात तिनं मला कधी दगा दिला नाही. आणि बघता बघता तिच्या नोंदणीला पंधरा वर्षं होत आली.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण ती लाजेल. वर्गात आम्ही तिला ‘इन्स्पेक्टरबाई’ म्हणतो. कोणाचं नख वाढलंय, कोणाच्या वहीला कव्हर नाही, पाण्याच्या टाकीचं झाकण कोणी उघडं टाकलं, हे सगळं तिला आधी दिसतं. एकदा मधल्या सुट्टीत मी गाडीचं आरसीचं कार्ड बघत बसलो होतो. ती डोकावली आणि म्हणाली, “सर, यावर शेवटची तारीख का लिहिलीय? बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी?”

प्रश्न झकास होता. सुट्टीनंतरचा तास मी त्यालाच देऊन टाकला.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि त्याचे केंद्रीय नियम १९८९ चे. या कायद्याच्या भाषेत स्कूटरसुद्धा ‘मोटारसायकल’च बरं का! स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. ती संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा आणि गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची. तिथले मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतात. ती ठीक असली तर नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा पाच वर्षं. म्हणजे तारीख उलटली म्हणून गाडी बिस्किटासारखी लगेच टाकून द्यायची नसते, पण तपासल्याशिवाय ती रस्त्यावर आणायचीही नसते.

मी हे सांगत होतो तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, “सर, पंधरा वर्षं म्हणजे आमचा दादा! तो आता दहावीला आहे.”

खरंच की! ज्या दिवशी तुमचा जन्म झाला त्याच दिवशी बाबांनी गाडी घेतली असं समजा. तुम्ही अंगणवाडीत गेलात, पहिलीत गेलात, चाचण्या दिल्या, सहामाही दिली, वार्षिक दिली, तरी गाडीची एकही परीक्षा नाही. तुम्ही दहावीला बसाल त्या सुमारास गाडी आपली पहिली परीक्षा देणार, ती थेट दहावीचीच! रिक्षा, टेम्पो, एसटी यांना मात्र असं सुख नाही. भाड्यानं माणसं किंवा माल नेणाऱ्या गाड्यांना ‘योग्यता प्रमाणपत्र’ लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. घरच्या मोटारसायकलीचं तसं नाही.

“मग मधे काहीच नाही?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

आहे ना. पीयूसी आहे. पण ती फक्त धुराची परीक्षा.

गाडी नवी असली की पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर ते प्रमाणपत्र कायम जवळ हवं. गाडी जुन्या मानकाची असली तर ते सहा महिने चालतं आणि बीएस-४ किंवा बीएस-६ मानकाची असली तर बारा महिने. बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’. गाडीच्या धुरात किती घाण चालेल, ते ठरवणाऱ्या या पायऱ्या आहेत. पायरी जेवढी वरची तेवढा धूर कमी घाण. माझी गाडी २००९ ची, म्हणून मला वर्षातून दोनदा जावं लागतं. आमच्या शेजारच्या काकूंची स्कूटर २०१८ ची, त्यांना एकदाच.

पेट्रोल पंपाजवळ छोट्याशा टपरीत किंवा व्हॅनमध्ये हे यंत्र असतं. पुढच्या वेळी बाबांबरोबर किंवा आईबरोबर गेलात तर नीट बघा. गाडी चालू ठेवतात, पण अॅक्सिलरेटर पिळत नाहीत. सायलेन्सरच्या नळकांड्यात एक लांब नळी खुपसतात. त्या नळीतून धूर यंत्रात जातो. यंत्राच्या पोटात एक न दिसणारा प्रकाश, म्हणजे अवरक्त किरण, त्या धुरातून आरपार सोडलेला असतो. धुरातले काही वायू या प्रकाशाचा आपापल्या आवडीचा भाग गिळून टाकतात. किती गिळला गेला त्यावरून कोणता वायू किती आहे, ते यंत्र सांगतं. बरोबर गाडीच्या नंबर प्लेटचा फोटोही काढतात.

यंत्र दोन गोष्टी बघतं. पहिली कार्बन मोनॉक्साइड. चुलीला हवा कमी पडली की ती कशी धुमसते? तसंच इंजिनात पेट्रोलला हवा अपुरी पडली की हा विषारी वायू होतो. त्याला ना रंग ना वास. दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे सोप्या भाषेत अर्धवट जळलेलं किंवा न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. माझ्या गाडीच्या वयाच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलीला शंभर भाग धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेतीन भागांपर्यंत चालतो आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत ४५०० भागांपर्यंत. दहा लाखांतले ४५०० म्हणजे शेकडा किती? करा बरं गणित! आमच्या वर्गाला पाच मिनिटं लागली. (उत्तर ०.४५.)

माझ्या गाडीचा धूर पंधरा वर्षांत कधीच नापास झाला नव्हता. पीयूसीचे कागद मी ओळीनं फाइलला लावून ठेवले होते आणि त्या फाइलचा मला मोठा अभिमान होता. आपली गाडी एकदम ठणठणीत आहे असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता तुम्हीच विचार करा. सायलेन्सरमध्ये नळी घालून ब्रेक कळतो का? टायर कळतो का? ताप बघून दाताची कीड कळेल का?

पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तपासणीचा दिवस ठरला. त्याच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी गाडीवरून निघालो. फाटकाशी गर्दी होती म्हणून ब्रेक दाबून थांबलो, तर मागून इन्स्पेक्टरबाईंचा आवाज आला, “सर, तुमचा लाल दिवा मोठा होत नाही.”

मी मागे वळून बघितलं. दिवा तर लागला होता. मी म्हणालो, “अगं, लागलाय की!” आणि निघालो. पोरीचं म्हणणं नीट ऐकूनही घेतलं नाही. तुम्ही मधेच बोललात तर मी “आधी पूर्ण ऐकावं” असं सांगतो, तोच मी.

आदल्या रविवारी मी गाडी धुतली. साबण लावून, जुनी चड्डी फडकं म्हणून घेऊन. टाकीला पॉलिश केलं. जुन्या टूथब्रशनं चाकाच्या तारा घासल्या. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, तिनं सीटला पावडर लावली! गाडी अशी चकाकली की वडील ओसरीवरून म्हणाले, “लग्नाला निघाली काय?” आजी असती तर म्हणाली असती, दिपोटी येणार दिसतोय.

ठरल्या दिवशी कागद घेतले. आरसी, विमा, पीयूसी. ठरलेलं शुल्क आणि जुन्या गाडीसाठी भरायचा पर्यावरण कर आधीच भरून टाकला होता. आरटीओच्या मैदानात रांग होती. निरीक्षक मॅडम होत्या. त्यांनी आधी चेसिस नंबर बघितला. हा नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि तो कागदाशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. गाडी चोरीची नाही ना, दुसऱ्याच गाडीला ही नंबर प्लेट लावलेली नाही ना, ते त्यावरून कळतं. माझा नंबर जुळला. पुढचा दिवा, हॉर्न, इंडिकेटर झाले. मग त्या म्हणाल्या, “आरसे?”

डावा आरसा दोन वर्षांपूर्वी गोठ्याच्या दाराला लागून फुटला होता. मी तो बसवलाच नव्हता.

मग त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. “ब्रेक दाबा.” मी पाय दाबला. “दाबा म्हटलं.” मी म्हणालो, “दाबलाय मॅडम.” त्यांनी मान हलवली. मग वाकून मागच्या टायरवर बोट फिरवलं. बोट कुठेच अडखळलं नाही. माझ्या चकचकीत टाकीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही!

“सर, धुऊन आणलीत ते छान केलंत,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “पण स्टॉप लाइट नाही, टायर गुळगुळीत झालाय आणि आरसा नाही. करून घ्या आणि परत आणा.”

परत येताना मी गाडी अगदी हळू चालवली. आणि वाटेत, ओढ्याच्या उताराशी, मला जानेवारीतली ती संध्याकाळ आठवली.

आम्ही दोघं, मी आणि माझी मुलगी, आठवडी बाजारातून येत होतो. अंधारून आलं होतं. तिच्या पाठीवर दप्तर होतं. उतारावर एक शेळी आडवी आली. मी कचकन ब्रेक दाबला आणि मागून एक टेम्पो टायर करकरत येऊन थांबला. इतका जवळ, की त्याचा बंपर मुलीच्या दप्तराला घासला. दप्तराला! ती काही बोलली नाही. तिनं फक्त माझा शर्ट मुठीत घट्ट धरला. मी गाडी स्टँडवर लावली आणि त्या टेम्पोवाल्याला नाही नाही ते बोललो. तो बिचारा थरथरत म्हणत होता, “मास्तर, तुम्ही थांबताय हे मला कळायला तरी नको का?” मला ती सबब वाटली. मी म्हणालो, “डोळे उघडे ठेवून चालव.”

त्याचे डोळे उघडेच होते. माझा दिवा बंद होता.

आता तो दिवा चालतो कसा, ते सांगतो, कारण इथेच माझी फसगत झाली. माझ्या गाडीच्या मागच्या दिव्यात बल्ब एकच, पण त्याच्या आत तारा दोन. एक बारीक उजेडाची, ती रात्री सतत लागते. दुसरी जोरात पेटणारी, ती फक्त ब्रेक दाबल्यावर लागते. पायाच्या ब्रेकला एक छोटी स्प्रिंग अडकवलेली असते. ब्रेक दाबला की ती वरचा स्विच ओढते आणि दुसरी तार पेटते. माझी ती स्प्रिंगच गंजून तुटली होती. त्यामुळे दिवा लागलेला तर दिसायचा, पण ‘मोठा’ व्हायचा नाही. आमच्या इन्स्पेक्टरबाईंनी नेमकं तेच सांगितलं होतं, त्यांच्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी हा सगळा प्रकार मी वर्गात सांगितला. सांगताना जरा जड गेलं. मग आम्ही फळ्यावर गणित मांडलं. ताशी ४० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते? चाळीस हजार मीटर भागिले ३६०० सेकंद. उत्तर येतं ११ मीटरपेक्षा थोडं जास्त. म्हणजे मागच्या माणसाला पुढचा थांबतोय हे एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढ्यात त्याची गाडी अख्ख्या एसटीच्या लांबीइतकी पुढे आलेली असते. मैदानात टेप धरून आम्ही ११ मीटर मोजले. एका टोकाला एक मुलगा उभा केला, दुसऱ्या टोकाला मी. कोणीच हसलं नाही.

“सर, दुसऱ्या देशात पण पंधरा वर्षं थांबतात का?” असा प्रश्न मग आलाच. पृथ्वीचा गोल टेबलावर होता, म्हणून तो फिरवत फिरवतच उत्तर दिलं.

ब्रिटनमध्ये अशी तपासणी १९६० साली सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या तपासायचे. १९६७ पासून ती मुदत तीन वर्षांवर आली. आता तिथे मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासून घ्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू, सगळं. जपानमध्ये २५० सीसीपेक्षा मोठी मोटारसायकल असेल तर पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्याहून छोट्या गाड्यांना ती नाही. म्हणजे माझी गाडी जपानमध्येही सुटली असती!

मुलांना सगळ्यात आवडली ती जर्मनी. तिथे मोटारसायकलीची तपासणी दर दोन वर्षांनी होते. पास झाली की मागच्या नंबर प्लेटवर एक गोल टिकली चिकटवतात. टिकलीवर घड्याळासारखे बारा आकडे असतात. ते बारा महिने. पुढची तपासणी ज्या महिन्यात, तो आकडा वर येईल अशी टिकली फिरवून लावतात. मधोमध वर्ष लिहिलेलं. शिवाय दर वर्षाचा रंग वेगळा. असे सहा रंग आलटून पालटून येतात. रस्त्यानं जाणाऱ्या पोलिसाला लांबूनच, नुसत्या रंगावरून, गाडीची मुदत संपलीय का ते कळतं. आमच्या वर्गानं लगेच पुठ्ठ्याच्या टिकल्या कापल्या आणि दप्तरांना लावल्या. नखं, केस, रुमाल यांच्या तपासणीसाठी!

फ्रान्सची गोष्ट वेगळी आहे. युरोपातल्या देशांनी मिळून २०१४ साली ठरवलं होतं की १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींची तपासणी २०२२ पासून व्हावी. पण फ्रान्समधले मोटारसायकलवाले खवळले. हजारोंनी रस्त्यावर उतरले. शेवटी तिथे ती १५ एप्रिल २०२४ ला सुरू झाली, माझी गाडी नापास झाली त्याच वर्षी. त्या लोकांचं म्हणणं काय होतं? की बहुतेक अपघात गाडी बिघडल्यामुळे होत नाहीत, माणसाच्या चुकीनं होतात. आणि जो दोन चाकांवर बसतो तो आपल्या गाडीची काळजी घेतोच, कारण पडला तर त्याचंच डोकं फुटणार.

यातली पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. वेग, दारू, मोबाइल, डोक्याला हेल्मेट नसणं, एका गाडीवर चौघं बसणं, यांच्यापुढे तुटकी स्प्रिंग म्हणजे काहीच नाही. (शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी एका मोटारसायकलीवरून तीन-तीन पोरं उतरताना मी बघतो. पालकहो, हे वाचताय ना? कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागे एकच जण बसू शकतो.) पण दुसरी गोष्ट मला पटत नाही. काळजी घेतोच असं मलाही वाटत होतंच की! माझ्याकडे तर फाइल होती.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी बघितली. स्प्रिंग दहा मिनिटांत बसली, पैसेही किरकोळ. आरसा लागला. टायर मात्र खिशाला लागला. त्यांनी जुन्या टायरच्या खाचा दाखवल्या. टायरच्या कडेला बारीक त्रिकोणाची खूण असते. तिच्या सरळ रेषेत वर गेलं की खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. दुचाकीच्या खाचेची खोली निदान ०.८ मिलिमीटर असावी असा आपल्या नियमांतला आकडा आहे. पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा, त्याहूनही थोडी कमी. पावसात रस्त्यावरचं पाणी या खाचांतूनच बाहेर पळतं. खाच नसली तर चाक पाण्यावरच तरंगायला लागतं आणि गाडी घसरते. दोन पावसाळे मी त्या टायरवर काढले होते.

आठवड्यानं गाडी पुन्हा मैदानात गेली. या वेळी धुतली नव्हती. टाकीवर धूळ होती. मॅडमनी मागे जाऊन “दाबा” म्हटलं, मी दाबला आणि त्या “हं” म्हणाल्या. एवढंच. नोंदणी २०२९ पर्यंत वाढली. त्या “हं” इतका आनंद मला डी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

आता आमच्या घरी रविवारी सकाळी एक खेळ चालतो. तुमच्याही घरी चालू शकेल, पण गाडी चालू करायची ती मोठ्या माणसांनीच. मी सीटवर बसतो. मुलगी दहा पावलं मागे उभी राहते. मी ब्रेक दाबतो, ती ओरडते, “मोठा झाला!” मग डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. चुकीचा हात सांगितला तर तिचा एक गुण कमी. हॉर्न एकदाच, आजोबा झोपलेले असतात. इंजिन बंद केल्यावर आम्ही टायरच्या खाचा बघतो, काही खिळा-काटा रुतलाय का ते बघतो. साखळी सैल झालीय का ते मात्र मीच बघतो. तिथे लहान बोटांचं काम नाही, आणि सायलेन्सर तापलेला असतो तिकडे तर फिरकायचंच नाही. शेवटी पीयूसीची आणि विम्याची तारीख ती मोठ्यानं वाचते. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागतात. तुमच्या घरच्या गाडीचा दिवा ‘मोठा’ होतो का, ते मला पोस्टकार्डावर जरूर कळवा. आणि हो, ०.८ मिलिमीटरची खाच कशानं मोजली तेही लिहा. आमच्या वर्गात त्यावरून अजून भांडण चालू आहे.

तो टेम्पोवाला मात्र मला परत भेटला नाही. गाडीचा नंबर मी त्या गडबडीत बघितलाच नव्हता. बाजारच्या दिवशी ओढ्याच्या उताराला पिवळा टेम्पो दिसला की अजूनही आत बसलेल्या माणसाचा चेहरा बघतो.

आणि आमच्या इन्स्पेक्टरबाई? त्यांच्या तपासणीत मी पास झालो की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण त्याच महिन्यात आमच्या शाळेची तपासणी झाली. साहेब मोटारसायकलवरूनच आले. तक्ते लागले होते, नकाशे बाहेर आले होते, रांगोळी होती. साहेबांनी वह्या बघितल्या, पाढे विचारले आणि खूश झाले. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी कौतुकानं विचारलं, “काय मुलांनो, तुम्हाला काही विचारायचंय का?”

इन्स्पेक्टरबाई पुढे झाल्या. “साहेब,” त्या म्हणाल्या, “जरा ब्रेक दाबता का?”